चौकातला हिरवा आकडा

नगरपालिकेच्या टँकरवर ड्रायव्हर म्हणून लागला, तेव्हापासून सगळा चौक त्याला पाणीमामा म्हणायचा. रस्त्यावर फवारा मारायचा आणि धूळ बसवायची, एवढंच त्याचं काम. पण ऐट अशी, की जणू शहराला श्वास हाच पुरवतो! टँकरच्या काचेवर डाग दिसला, की खिशातला रुमाल बाहेर. कामाची अशी ऐट असावी माणसाला. पाट्या टाकणाऱ्यांची काय कमी आहे?

मग नगरपालिकेने त्याच्या घरासमोर, चौकातल्या खांबावर हवा मोजायची पेटी बसवली आणि शेजारी मोठा फलक लावला. हवा चांगली असली की आकडा हिरवा, बिघडली की नारिंगी, फारच वाईट झाली की लाल. पहिल्याच दिवशी आकडा लाल झाला आणि पाणीमामाच्या ते जिव्हारी लागलं. त्याच्या चौकात लाल? दुसऱ्या सकाळपासून त्याने पहिली फेरी तिथेच मारायला सुरुवात केली. बाकी शहरात फवारा जमिनीलगत, पण या खांबाभोवती नळी वर करून मनसोक्त. शाळेत धाडण्याआधी लेकराला न्हाऊ घालावं, तसा तो त्या पेटीला न्हाऊ घालायचा. मनात पाप काही नव्हतं. धूळ बसवणं हे आपलं कामच, मग आपल्या चौकात जरा जास्त बसवली तर कुणाचं काय बिघडलं? आकडा हिरवा झाला आणि हिरवाच राहिला.

रात्री ताटावर बसलं, की बायको विचारायची, "आज किती?"

आकडा सांगून तो वर म्हणायचा, "हिरवागार!"

"मग पोरीची छाती का वाजते?"

"मैदानातल्या मातीने असेल," असं म्हणून तो विषय झटकून टाकायचा.

पोर त्यांची एकुलती एक, चौकापलीकडच्या शाळेत जाणारी. धावायची भारी हौस, पण जरा धावली की धाप लागायची. हमरस्त्याची गर्दी चुकवायला मालट्रक शाळेसमोरून घुसायचे आणि सिग्नलला धूर ओकत उभे राहायचे. मधल्या सुट्टीत बाकीची पोरं मैदानात आणि ही वर्गाच्या खिडकीत, दम्याचा पंप हातात धरून. शाळेच्या वेळात ट्रक बंद करा, म्हणून बायको हात धुवून नगरपालिकेच्या मागे लागली. इतर आयांनाही तिने कामाला लावलं. शेवटी विषय प्रभागाच्या सभेत आला.

सभा शाळेच्याच हॉलमध्ये होती. प्रदूषण विभागाच्या मॅडमनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"तुमचं म्हणणं पटतं हो," त्या म्हणाल्या, "पण जिथली हवा जास्त वाईट, तिथले ट्रक आधी वळवायचे. तुमच्या चौकाची हवा तर शहरात सगळ्यात चांगली. तुमचा नंबर शेवटी लागणार."

मागच्या रांगेतल्या दोन-चार शहाण्यांनी टाळ्याही वाजवल्या. पाणीमामाची छाती फुगली, आणि तेवढ्यात त्याला बायकोचा चेहरा दिसला. इतक्या दिवसांची तिची वणवण पाण्यात गेली होती आणि तो चेहरा पार उतरला होता. त्याचा साहेब पहिल्याच रांगेत बसला होता. बोललो तर टँकर जाईल, कदाचित नोकरीही. तरी तो उठला.

"मॅडम, तो आकडा खरा नाही. मी करतो तो."

"म्हणजे?"

"रोज सकाळी त्या पेटीभोवती पाणी मारतो. आपला चौक लाल दिसू नये म्हणून. धूर तसाच आहे. माझीच पोर धापा टाकते."

मॅडमनी कपाळाला हात लावला.

"तरीच! तिथलीच हवा एवढी दमट कशी, तेच कळेना. पेटी बिघडली समजून मी ती दुरुस्तीला धाडणार होते!"

हॉल हसला. मामा मान खाली घालून उभाच होता. साहेबाने त्याच्याकडून टँकरची चावी काढून घेतली आणि नव्याने मोजणी होईपर्यंत त्याला डेपोत गाड्या धुवायला बसवलं. चौकातला आकडा नारिंगी झाला, मग लाल.

"काय मामा, घालवलीत ना चौकाची इज्जत!" पानटपरीवाल्याने टोमणा मारला.

"लाल तर लाल. खरा आहे ना?" मामा म्हणाला. लाल आकड्याखाली तो ताठ मानेने उभा होता. घरी बायकोने त्याला तोंडावर सांगितलं, "लग्नात हार घातला तेव्हाही तुमचा एवढा अभिमान वाटला नव्हता."

नवी मोजणी झाली आणि शाळेच्या वेळात मालट्रकना बंदी आली. वळणावर पाटी लागली, ट्रॅफिक पोलीस उभा राहिला. मामाला टँकरही परत मिळाला. पेटीजवळ फवारा बंद ठेवायचा, एवढी तंबी मिळाली.

टँकर परत हाती आला त्या पहिल्याच दिवशी दुपारी त्याने शाळेच्या कुंपणापाशी टँकर थांबवला आणि आधी इंजिन बंद केलं. मधली सुट्टी झाली होती. मैदानात पोरांची शर्यत चालली होती आणि सगळ्यात शेवटी, वेण्या उडवत, त्याची लेक. ती टोकापर्यंत गेली, भिंतीला हात लावला आणि पुन्हा माघारी पळत सुटली. घंटा होईपर्यंत मामा तिथून हलला नाही.

रात्री ताटावर बायकोने विचारलं, "आज किती?"

मामाचा घास हातातच राहिला.

"बघायचंच राहिलं गं," तो म्हणाला. "पोरगी पळत होती."