खांद्यावरचा हात

आमच्या मामाने आयुष्यात कोणालाच पुसून टाकलेलं नाही, आणि असा फोटोवाला रेवसपासून आगरदांड्यापर्यंत दुसरा सापडायचा नाही. रेवसच्या धक्क्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्याचा स्टुडिओ आहे. फोटोतला नको असलेला माणूस काढायचा तर बाकीचे कॉम्प्युटरवर रबर फिरवून मोकळे होतात. मामा रबराला शिवत नाही. तो फोटोवर मास्क, म्हणजे न दिसणारा पडदा, चढवतो आणि त्या मास्कवर ब्रशने काळा रंग भरत बसतो. काळं केलं तेवढं दिसेनासं होतं, पांढरं केलं की जसंच्या तसं परत येतं. "मी मारत न्हाय गो कोनाला," तो म्हणतो, "पडद्यामागं बसवतो." आणि बसवतोही मानाने. हळदीच्या फोटोतल्या एका पाहुण्यावर काळा फिरवताना तो स्क्रीनला सांगत होता, "बसा जरा आत. माझ्यावर रागावू नका, नवरीचा बाप सांगतोय."

हे काम तो श्वास रोखून करतो. पंखा बंद, कारण पंख्याने हात हलतो. मामी बंद, कारण मामीनेही हलतो. फोटो तो इतका मोठा करून बघतो की एकदा दुपारभर खपून त्याने नवरीच्या बटा एकेक करून सोडवल्या, आणि फोटो लहान केल्यावर कळलं की ती मागे बांधलेल्या बोकडाची दाढी होती. ती दाढी मात्र अशी सुटली होती की बोकडाच्या मालकानेही प्रिंट मागून नेली. पासपोर्ट फोटोला आलेलं गिऱ्हाईक कानाची कड नीट होईपर्यंत बाकावर बसून राहतं, आणि तिकडे धक्क्यावरून लाँच सुटते. मामाला त्याचं काही नाही. "लाँच परत येल, कान परत येल काय?"

मी आमच्या घरातली पहिली पदवीधर. हे मी मिरवून सांगते, कारण ते मिरवण्यासारखंच आहे. निकालाच्या दिवशी मामाने आमचा सगळ्यांचा फोटो काढला. मध्ये मी पिवळ्या ओढणीत, एका बाजूला आईबाबा, दुसऱ्या बाजूला काका, माझ्या खांद्यावर हात ठेवून. मला रोज ट्रकमधून कॉलेजला सोडणारा तोच. पण नाक्यावर अभिनंदनाचा बॅनर लागायच्या आतच दोघा भावांत पेटलं. खाडीचं पाणी अडवणारं उघाडीचं दार कोणीतरी उघडं ठेवलं आणि भरतीला भातात खारं पाणी शिरलं. बाबा म्हणाले तू, काका म्हणाला तू. बाबांनी मामाला फर्मावलं, "बॅनरवर त्याचं तोंड नको." आमच्याकडे बॅनरवर तोंड नसणं म्हणजे भावकीतून उठणं. मी मामाला गाठलं. "काकाशिवाय कसला माझा बॅनर, मामा?" मामा माऊस पुसत म्हणाला, "बघू."

बॅनर लागला. काका नव्हता. पण माझ्या खांद्यावर, मनगटापासून पुढचा, एक हात होता. कोणाचा ते विचारायची गरज नव्हती. ट्रकच्या मागच्या फाळक्यात सापडून वाकडी झालेली करंगळी अख्ख्या गावाच्या ओळखीची. बाबांनी मामाला फोनवर झाप झाप झापलं. मामा म्हणाला, "भावोजी, तुमी तोंड बोललेलात. हाताचं कोन बोललं?"

त्याच संध्याकाळी काकाचा ट्रक दारात थांबला. काका खाली उतरला नाही. खिडकीतूनच ओरडला, "दादा, हात ठेवलास, मग बाकीचा मी कुठं हाय?" बाबा बराच वेळ ओटीवरच्या जाळ्याची गाठ सोडवत राहिले. मग आईला म्हणाले, "चहा टाक. दोन कप." आणि मामाला फोन लावून एवढंच, "आण त्याला भायेर." मामाने पांढरा ब्रश फिरवला. नव्या बॅनरवर काका होता तसा, हसऱ्या तोंडाचा बाहेर आला. उघाडीचं दार कोणी उघडं ठेवलं ते आजवर कळलेलं नाही.

गेल्या वर्षी काका गेला. नाक्यावर पुन्हा बॅनर लावायचा होता, श्रद्धांजलीचा. मामाच्या डोळ्यांत आता मोतीबिंदू उतरलाय, पण त्याने तीच फाईल उघडली. आईबाबांना काळ्याखाली बसवलं, मला बसवलं. माझा मात्र खांद्यावरचा एक तुकडा, पिवळ्या ओढणीसकट, काकाच्या हाताखाली तसाच राहिला. मी म्हटलं, "मामा, हे राहिलं बघ."

मामा स्क्रीनला नाक लावून बघत होता. "राहू दे," तो म्हणाला. "हात कुठं ठेवील तो?"