खूण न ठेवलेली जागा

तहसीलदार मैदानावर आले. त्यांनी विचारले, कोणाचे मूल कुठे पुरले आहे ते दाखवा. माझी पत्नी माझ्याकडे वळली. मी बोललो नाही. तो सोमवार होता.

या गोष्टीला आता नऊ वर्षे होतील. तेव्हा लढाई सुरू झाली नव्हती. आमचा कसबा गोंदियाहून आगगाडीने तासाभरावर. दोन धानाच्या गिरण्या, आठवड्याचा बाजार, म्युनिसिपल कमेटीचा दवाखाना आणि कमेटीची शाळा. त्या शाळेत मी मास्तर होतो. गावाच्या पूर्वेला बोडीची, म्हणजे लहान तळ्याची, पाळ आहे आणि तिच्यापुढे रेल्वेची लाइन. या दोहोंच्या मध्ये जमिनीचा एक लांब पट्टा होता. तो कोणी नांगरत नसे. कागदोपत्री ती कमेटीची चराई होती. पट्ट्याच्या गावाकडच्या टोकाला संध्याकाळी स्टेशनातले बाबू आणि गिरणीतले कारकून फुटबॉल खेळत. दुसऱ्या टोकाला, जिथे रेल्वेचा मैलाचा दगड होता, तिथे चेंडू गेला तर तो आणायला जाणारा माणूस चपला काढून जाई. का, ते सगळ्यांना ठाऊक होते.

दात न आलेले मूल आमच्यात जाळत नाहीत. पुरतात. बाप त्याला दोन्ही हातांवर घेऊन जातो, सोबत एकदोन पुरुष असतात, बायका जात नाहीत. खाली मीठ, वर माती, आणि कोल्ह्यांनी उकरू नये म्हणून बोरीच्या काट्या. पावसाळ्यात काट्या कुजतात आणि जमीन सपाट होते. दगड ठेवायचा नाही, मागे वळून पाहायचे नाही आणि घरी आल्यावर आईला जागा सांगायची नाही. जागा कळली तर तिचे पाय तिकडे वळतात आणि पुढचे मूल टिकत नाही, असे म्हातारे सांगत. मी नागपूरला मास्तरकीच्या नॉर्मल स्कूलमध्ये शिकलो होतो, पुस्तके वाचणारा माणूस होतो, तरी हे सगळे पाळले.

सगळे नाही. आमची मुलगी तीन महिन्यांची होऊन तापाने गेली. काका माझ्यासोबत आले होते. त्यांनीच खड्डा खणला. परतताना ते रीतीप्रमाणे पुढे चालू लागले. मी मागे राहिलो आणि मैलाच्या दगडापासून काट्यांपर्यंत पावले मोजली. पुस्तक मिटताना पानाचा आकडा ध्यानात ठेवण्याची मला सवय आहे, तसेच ते झाले असावे. कोणाला बोललो नाही.

पत्नीने पहिल्या महिन्यात पुष्कळदा विचारले.

"कोन्या बाजूले हाये, येवढं तं सांगा."

"सांगाचं नसते," मी म्हणे.

मग तिने विचारणे सोडले. बाजाराच्या दिवशी मात्र ती सरळ रस्ता सोडून पाळीवरून घरी येई. त्या वाटेने यायला वेळ जास्त लागे, आणि मी त्याबद्दल कधी काही म्हटले नाही.

कमेटीचे अध्यक्ष मोठ्या गिरणीचे मालक होते. गोंदियाला होणारे कपाचे सामने आपल्या गावी व्हावेत आणि भंडाऱ्याहून डिप्टी कमिशनर साहेब ते पाहायला यावेत, असे त्यांच्या मनात आले. त्यासाठी सारा पट्टा सपाट करायचा, भोवती तार, लाइनीच्या बाजूने दगडी पायऱ्या आणि साहेबांपुरते छप्पर. निम्मा खर्च ते स्वतः देणार होते. निम्मा कमेटीने द्यायचा. त्याकरता बाजाराच्या गाड्यांवरची जकात वाढवली, आणि दवाखान्यात बाळंतिणींची खोली बांधण्यासाठी दोन वर्षे बाजूला ठेवलेला पैसा मैदानाकडे वळवला. हरकतीची नोटीस बाजारात लावली. ती माझ्याच अक्षरात होती, कारण कमेटीच्या नोटिसा मीच लिहीत असे.

गाडीवाले दोन बाजार कुरकुरले आणि मग जकात भरू लागले. खरी हरकत घेतली ती दाईने. गावातली निम्मी पोरे तिच्या हातची. ती सायंकाळी आमच्या ओसरीवर येऊन बसली.

"मास्तर, एक अर्ज लेहून द्या जी."

"मी कमेटीचा नोकर आहो."

"म्हनून तं आली. त्याइचे कागद तुमीच लेहता ना? मंग तुमचं लेहलं त्याइले वाचता येईल."

"काय लेहू?"

"लेहा का आमचे पोट्टे तेथी निजले हायेत. अन् हे बी लेहा, खोली बांधली असती तं येवढे निजले नसते."

आत चुलीपाशी पत्नी होती. ती म्हणाली, "लेहून द्या." एवढेच.

मी तीन संध्याकाळी बसून अर्ज लिहिला. खाली माझी सही नव्हती, दाईचा आणि इतरांचा अंगठा होता. त्यात एक वाक्य होते, त्याचा मला अभिमान वाटला होता: 'मृत बालकाच्या जागेवर खूण ठेवण्याची आमच्यात चाल नाही, ती सारी भूमीच आम्ही खूण मानतो.' मी ते दाईला वाचून दाखवले.

"मले काई समजलं नाई," ती म्हणाली. "पर आयकाले बेस वाटलं."

आठ दिवसांनी अध्यक्षांनी मला गिरणीत बोलावले. ते नेहमीसारखे मऊ बोलले.

"मास्टरजी, अर्जी किसने लिखी, मैंने पूछा नहीं. पूछूँगा भी नहीं." त्यांनी पानाचा डबा पुढे केला. मी खात नाही हे त्यांना माहीत होते. "हेडमास्टर की जगह जून में खाली हो रही है. और हाँ, सोमवार को तहसीलदार साहब आएँगे. लड़कों को लेकर आइए. साहब देखें तो सही, ग्राउंड चालू है."

सोमवारी मी मुलांना दोन रांगांत घेऊन गेलो. ती गावाकडच्या टोकाला खेळू लागली आणि मी कमेटीच्या लोकांजवळ उभा राहिलो. समोर पाळीखाली बायका होत्या, त्यांच्या मागे काही पुरुष. पत्नीही आली होती. ती येणार हे तिने मला सांगितले नव्हते.

तहसीलदार सभ्य गृहस्थ होते. त्यांनी अर्ज उघडला आणि माझे वाक्य मोठ्याने वाचले.

"खूण नाही, असे तुम्हीच लिहिले आहे," ते पाळीखालच्या लोकांना म्हणाले. "मग मी वर काय कळवू? मला एक जागा दाखवा. एक पुरे. मी आज काम थांबवतो."

मग ते दाईकडे वळले. "इतकी बाळंतपणे केलीत, तुम्हालाही ठाऊक नाही?"

"मी पोट्टे जगात आनतो सायेब. गाडाले माणसं जातेत. इचारा ना त्याइले, उभे हायेत मांगं तोंड लपवून."

पुरुष खाली पाहू लागले. बहुतेकांना खरोखरच आठवत नव्हते. न आठवण्यासाठीच तर ती सारी रीत होती. एक म्हातारा पुढे आला, काठीने एक जागा दाखवली, मग दहा हात सरकून दुसरी.

"येथी असन. नाई तं तेथी."

"बुढ्या, पोट्टं गाडलं होतं का आलू?" गिरणीचा मुकादम म्हणाला. कमेटीचे लोक हसले. म्हातारा काठी टेकत मागे गेला.

तेव्हा पत्नी बायकांतून निघाली. ती तहसीलदारांपुढे गेली नाही. ती माझ्यापुढे येऊन थांबली. डोक्यावरचा पदर तिने दातांत धरला होता, तो सोडला.

"अवो, सांगा ना कोठी हाये."

चारचौघांत ती माझ्याशी त्याआधी कधी बोलली नव्हती. मी मोजले आहे हे तिला माहीत नव्हते. बाप आहे, आठवत असेल, एवढ्यावर ती आली होती. मी उभा होतो तिथून ती जागा दिसत होती.

"मास्तर, तुमचेही आहे का इथे?" तहसीलदारांनी विचारले.

अध्यक्ष मुलांचा खेळ पाहत होते. एका मुलाने मारलेला चेंडू आमच्या पायाशी आला. मुले थांबून माझ्याकडे पाहू लागली. मी चेंडू उचलला आणि त्यांच्याकडे फेकला. पत्नी पदर सावरून बायकांत परत गेली. तहसीलदारांनी अर्जाची घडी केली.

नंतर काका म्हणाले, रीत पाळलीस, बरे केलेस. दुसऱ्यांनीही तसेच मानले. मी बरीच वर्षे त्या म्हणण्याच्या आडोशाला राहिलो. पण त्या वेळी माझ्या मनात रीत नव्हती. मनात होता तो जून महिना.

उन्हाळ्यात लाइनीच्या बाजूने पाया खणला. खणणारे मजूर दूरच्या दरेकशाकडचे होते, त्यांना कोणी काही सांगितले नव्हते. तिसऱ्या दिवशी ते हत्यारे तिथेच टाकून निघून गेले. मग कमेटीने दुसरे मजूर आणले. त्या तीन दिवसांत मी तिकडे गेलो नाही, पुढेही पायऱ्या पूर्ण होईपर्यंत गेलो नाही. जूनमध्ये मी हेडमास्तर झालो. दिवाळीनंतर साहेब आले, बॅंड वाजला, सामना झाला. गिरणीचा संघ हरला. बाळंतिणींची खोली बांधली गेली नाही.

पुढे तंटा नको म्हणून कमेटीने लहान मुलांसाठी गिरणीमागे वेगळी जागा दिली आणि तिथे पाटी लावली. ती पाटीही मीच रंगवून घेतली. आता लोक तिथे दगड ठेवतात. दाई जिवंत होती तोवर तिने प्रत्येक बापाला बजावले.

"गोटा ठेवजो बाप्पा. नाई तं उद्या तेथी बी फुटबॉल खेलतीन."

माझ्या घरी ती पुन्हा आली नाही. वाटेत भेटली तर रस्ता बदलत नसे. बाजूने निघून जाई, जसे माणूस खांबाच्या बाजूने जातो.

आम्हाला दुसरे मूल झाले नाही. पत्नी भांडली नाही. वेळेवर जेवण करी, माझ्या पुस्तकांवरची धूळ पुशी, शाळेतले काही सांगितले तर ऐके. बाजारातून मात्र ती सरळ रस्त्याने येऊ लागली.

गेल्या वर्षी तिला खोकला लागला तो गेला नाही. डॉक्टरने गोंदियाला नेण्यास सांगितले, नेले, परत आणले. एका दुपारी मी तिच्या खाटेजवळ बसलो होतो. मी तिला सांगितले की मला जागा माहीत आहे, मी त्याच दिवशी पावले मोजली होती.

ती छताकडे पाहत होती.

"त्या सोमवारी बी माहीत होतं?"

"हव."

तिने डोळे मिटले. मला वाटले तिला झोप लागली.

"सांगू?" मी विचारले.

"आता नोका सांगू," ती म्हणाली. "त्याच्यावर लोकं बसतेत."

तिने पाणी मागितले. मी दिले. त्यानंतर ती महिनाभर होती आणि आम्ही पुष्कळ बोललो. भाताबद्दल, तिच्या भावाच्या पत्राबद्दल, गळणाऱ्या कौलांबद्दल. पौषात ती गेली. तिला नदीवर नेले.

यंदा ऑगस्टमध्ये मैदानावर झेंडा चढला. मी शाळेची मुले रांगेने नेली आणि पायऱ्यांवर बसवली. त्यांना मिठाई वाटली गेली. मी उभाच राहिलो. वय झालेला माणूस ऊन सोसत उभा आहे म्हणून कोणीतरी मला बसायला सांगितले.

काका वारले. ती जागा आता मला एकट्याला माहीत आहे.