हसीनाभाभींनी मोकळी सोडलेली चौकट

हसीनाभाभींना "लग्न कसं झालं?" असं विचारलं, तर त्या "छान" असं कधीच म्हणायच्या नाहीत. "दोन पंगती उठल्या. नवरा घामाघूम हुता. मठ्ठा लवकर सपला," एवढं सांगून थांबायच्या. छान की वाईट, ते ऐकणाऱ्यानं ठरवावं. मुरगूडच्या बाजारात त्यांचं शिवणकामाचं लहानसं दुकान होतं, शिक्षण दहावी. मी नुकताच एमए होऊन संशोधनाला लागलेलो, त्यामुळे माझा तोरा काय विचारता!

आमच्या सरांनी मुरगूडजवळच्या एका गावातल्या दूध संस्थेचा अभ्यास घेतला होता. म्हशीचं सगळं बायकाच करतात, दूध घालायलाही त्याच येतात. पण संस्थेत त्या तोंड उघडतात का, हे पाहायचं होतं. कुणाला काही विचारायचं नाही. दोन निरीक्षकांनी दोन कोपऱ्यांत उभं राहायचं, एकमेकांशी बोलायचं नाही आणि दर पाच मिनिटांनी छापील तक्त्यात खूण करायची. बाई गप्प उभी आहे, वजनकाट्याकडे पाहते, प्रश्न विचारते की हरकत घेते, एवढंच. नंतर दोघांचे तक्ते शेजारी ठेवून जुळवायचे. एक निरीक्षक मी आणि दुसऱ्या, सरांनी रोजावर घेतलेल्या भाभी.

पहिल्याच दिवशी मी समासात 'नाराज दिसली' असं लिहिलं. बाहेर आल्यावर भाभींनी ते वाचलं.

"नाराजी कुठं दिसली तुमाला? तिनं किटली आपटली, तेवढं लिवा. पोटातलं तुमाला काय ठावं?" मग शिंप्याच्या थाटात म्हणाल्या, "फितीवर बत्तीस आलं की बत्तीसच लिवायचं. गिऱ्हाईक म्हणतंय मी बारीक हाय, म्हणून तीस लिवलं की पोलकं उसवतंय."

पाहिलं आणि काही घडलं नाही, तर त्या शून्य लिहीत. नजर हुकली, तर चौकट मोकळी सोडत. "मोकळी म्हंजे मी बघितलं न्हाय. त्यात लाजायचं काय?" माझ्या तक्त्यात एकही चौकट मोकळी नसे. सरांना भाभींचं काम आवडलं होतं. पुढच्या गावात नव्या मुलींना शिकवायला त्यांनाच नेणार, असं ते म्हणाले होते, आणि भाभींनी ते अख्ख्या गल्लीला सांगितलं होतं.

अकराव्या दिवशी मित्र जोतिबाला निघाले आणि मीही मोटरसायकलवर मागे बसलो. भाभींना फोन केला. "मी आज येत नाही. सरांना सांगू नका." पलीकडे शिलाई मशीन थांबलं. "आपणहून सांगणार न्हाय," त्या म्हणाल्या, "पर खोटं बी लिवणार न्हाय, प्रकाशभाऊ." डोंगरावरून गुलाल माखून परतलो आणि आधीच्या दहा दिवसांच्या अंदाजानं तक्ता भरून टाकला. बायका गप्प, गप्प, गप्प.

दुसऱ्या दिवशी भाभींनी आपला तक्ता सरांकडे पोचवायला माझ्याकडेच दिला. अगदी तळाशी 'दुसरा निरीक्षक हजर / गैरहजर' अशी चौकट होती. ती कोरी होती.

"मी भरली तर गैरहजर लिवावं लागंल. ही तुमची तुमी भरा."

मी "बघतो" म्हणालो आणि तक्ता तसाच नेऊन दिला.

कोल्हापुरात मंगळवार पेठेत आमचं भाड्याचं ऑफिस होतं. सरांनी आम्हा दोघांना तिथे बोलावलं. भाभींच्या तक्त्यात त्या संध्याकाळी खुणाच खुणा होत्या. एक बाई सचिवाला म्हणाली होती, "काटा आमच्याकडं फिरवा की, आकडा आमाला बी दिसू दे!" आणि तिच्यामागून बाकीच्या एकेक करून बोलायला लागल्या होत्या. माझ्या तक्त्यात सगळ्या मुक्या.

"दहा दिवस गप्प असलेल्या बायका एकदम बोलायला लागल्या?" सर म्हणाले. "भाभी, तुम्ही वाटलं ते लिहिलंत."

"वाटलं न्हाय सर. दिसलं."

"मग प्रकाशला का नाही दिसलं?"

मी तिथे होतो का, हे सरांनी विचारलंच नाही. भाभींनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. संस्थेत कोपऱ्यात उभ्या राहून पाहायच्या तसं, आता काय घडतंय ते बघायला. मी पेनाचं टोपण काढलं, लावलं, पुन्हा काढलं. तेवढ्यात सरांचं तळाच्या चौकटीकडे लक्ष गेलं. "आणि ही तर भरलेलीच नाही! इतका निष्काळजीपणा?" माझ्यासाठी राखलेली जागा भाभींचा गुन्हा ठरली आणि मी शेजारी बसून ऐकत राहिलो.

भाभींचं काम गेलं. त्यांचा तक्ता रद्द होऊन माझ्याकडच्या कागदांच्या गठ्ठ्यात पडला. अहवालात छापून आलं की महिला संस्थेत प्रश्न विचारत नाहीत. त्यावर माझं नाव आहे. मुरगुडात बोललं गेलं की शिंपीणबाईंनी खोटं लिहिलं म्हणून काढलं.

वर्षभरानं माफी मागायला त्यांच्या दुकानात गेलो. दारात धीर सुटला आणि तोंडातून निघालं, "भाभी, शर्ट शिवायचाय." त्यांनी गळ्यातली फीत काढली. "हात सरळ सोडा. आंग चोरू नका, माप चुकंल." माप घेतलं, वहीत लिहिलं, चहा मागवला. शर्ट अंगाला अगदी बरोबर बसला. मी तो दुसऱ्यांदा घातला नाही.

आता मी कॉलेजात मुलांना निरीक्षण शिकवतो. फितीवर बत्तीस आलं की बत्तीसच, हे वाक्य मुलं वहीत उतरवून घेतात. त्यांना ते माझं वाटतं आणि मी वाटू देतो. हे लिहितानाही लाज वाटते.

गेल्या महिन्यात भाभी वारल्याचं कळलं. जुना गठ्ठा सोडला आणि तो तक्ता शोधून काढला. चौकट अजून कोरीच होती. मी तिच्यात 'गैरहजर' लिहिलं आणि खाली सही केली. मिनिटभराचं काम होतं. भाभी जिवंत असताना ते माझ्या हातून झालं नाही.