लेकीवर राज्य आलं तेव्हा

माझ्या लेकीचे दोन्ही पाय जन्मापासून अधू. नालासोपाऱ्याच्या फ्लॅटमध्ये तिची चाकाची खुर्ची या भिंतीवरून त्या भिंतीवर आपटायची. म्हणून मे महिना लागला की मी तिला घेऊन जवळच्याच गास गावी माहेरी पळायची. तिथे सारवलेलं मोठं अंगण, पलीकडे केळीची बाग आणि माझ्या भावाची तीन दांडगट पोरं. आता ती पोरं नोकरीला लागली, अंगणात मोटारी उभ्या असतात. पण मे आला की जीव अजून तिकडेच ओढतो.

संध्याकाळी डबा ऐसपैस रंगायचा. ज्याच्यावर राज्य, त्याने लपलेल्यांना हुडकून डब्याला हात लावून त्यांचं नाव पुकारायचं. त्याआधी कुणी डबा उडवला, की राज्य पुन्हा त्याच्याच डोक्यावर. माझी लेक कायमची कच्चा लिंबू. म्हणजे खेळायचं, पण बाद व्हायचं नाही आणि राज्यही घ्यायचं नाही. पोरांच्या मनात मायाच होती हो. पण एक दिवस ती कडाडली, "मी काय तान्हं बाळ आहे? माझ्यावर राज्य द्या!"

 भावाने लगेच सुतळी आणली आणि डबा अंगणातल्या आंब्याच्या फांदीला तिच्या हाताच्या उंचीवर टांगला. तिला बागेत शिरता येत नाही, तर लपलेल्यांनीच डब्याकडे यायचं, तेही लंगडी घालत, आणि डबा उडवण्याऐवजी हाताने वाजवायचा, असं ठरलं.

पहिल्याच डावात डबा तिच्या पाठीमागून वाजला. मग पुन्हा, मग पुन्हा. खुर्ची गर्रकन फिरवेपर्यंत पोरं हात मारून मोकळी. तिचे ओठ थरथरायला लागले तशी मी पदर खोचून ओट्यावरून उतरले. "पुरे झाला तुमचा खेळ! रडवताय तिला!"

"आई, तू मध्ये पडू नकोस. माझ्यावर राज्य आहे."

मी परत ओट्यावर टेकले. थोरल्या भाच्याला काही ते बघवेना. पुढच्या डावात तो समोरूनच आला, खोकत, रमतगमत. लेकीने त्याच्याकडे रोखून पाहिलं, पण डब्याला हात लावला नाही.

"मुद्दाम येतोयस ना, दादा? जा, नीट लप."

बिचारा लंगडी घालत केळीत परत गेला. मला हसू आवरेना आणि डोळ्यांतलं पाणीही खळेना. तेवढ्यात मागून धाकट्याने डबा वाजवला.

"परत माझ्यावरच!" ती आनंदाने ओरडली आणि डोळे मिटून मोजायला लागली.