डाळिंबी शालूचा भाव

हे मी आजवर कुणाजवळ बोललेले नाही. नवऱ्याजवळ नाही, पोरांजवळ नाही. देवापुढं बसते तेव्हाही भलतंच काहीतरी पुटपुटते — देवाला सगळं ठाऊक असतं म्हणतात ना, मग आपण कशाला तोंड उघडा? सोयीचंच आहे ते. तुम्ही मला ओळखत नाही, मी तुम्हाला ओळखत नाही, म्हणून धीर होतोय. मध्येच थांबले तर जरा थांबू द्या मला.

आमच्याकडं कुणाचंही लग्न निघालं की बस्ता बांधायला पहिलं बोलावणं मला येतं. बस्ता म्हणजे लग्नाचं सगळं कापड — दोन्हीकडच्या माणसांनी दुकानात मांडी ठोकून बसायचं आणि नवरीच्या शालूपासून मानपानाच्या टोप्यांपर्यंत सगळं एकदम घ्यायचं. नातवंडं म्हणतात, आजी आली की दुकानदार देव पाण्यात ठेवतो. खोटं नाही ते. माझं तोंडच तसं आहे. निम्म्यापासून सुरुवात करते, उठून जायचं सोंग करते, पायरीपर्यंत जाते आणि मागून हाक येईस्तोवर चप्पल शोधत बसते. सगळी हसतात, मीही हसते. शालूची घडी उलगडली की मात्र मी जरा पाणी प्यायला म्हणून बाहेर येते. का येते, ते आजवर कुणी विचारलं नाही.

हे तोंड मला आबांमुळं आलं. आबा म्हणजे माझे वडील. निजामाची अमदानी होती तेव्हाची गोष्ट. पैठण दरवाजाजवळ आमचं दोन खणांचं घर आणि आबांचा तांगा — स्टेशन ते गुलमंडी, गुलमंडी ते स्टेशन. आई मी दुधाचे दात पडायच्या वयाची असताना गेली. आबांनी दुसरी केली नाही. माझी वेणी तेच घालायचे, लगाम आवळावा तशी घट्ट, दुपारपर्यंत डोकं ठणकायचं. पण शाळेत जाताना एक केस हलायचा नाही, सांगते.

आता या माणसाला भाव करता यायचा नाही. काय म्हणावं? भाडं मागायचीसुद्धा लाज. ‘द्या काय द्यायचं ते,’ म्हणायचे, आणि गिऱ्हाईक द्यायचं तसंच. मग आठवडी बाजारात मी पुढं आणि ते मागं पिशवी धरून. मी वांगेवालीशी भांडायची, ते दुसरीकडं बघत उभे राहायचे. घरी आल्यावर म्हणायचे, ‘बाई, तू नसतीस तर मला दुनियेनं विकून खाल्लं असतं.’ मला केवढा फुगारा चढायचा त्याचा! आपण जिंकतो, आपल्या जिभेपुढं कुणी टिकत नाही — हे माझ्या डोक्यात तिथूनच शिरलं. आबांना दोष देत नाही हो. नुसतं सांगते.

माझं लग्न ठरलं बिडकीनला. रीतीनं नवरीचा शालू सासरचे घेतात. पण आबांनी व्याह्यांना हात जोडून सांगितलं, बाकीचा बस्ता आपण मिळून बांधू, शालू तेवढा माझ्याकडून. आईच्या वेळेला त्यांना घेता आला नव्हता, ते मनात राहिलं होतं. आणि दुसरं म्हणजे त्यांना कन्यादानाला बसायचं होतं. बायको नसलेला माणूस कन्यादानाला बसत नाही, भाऊ-भावजयीला बसवतात. माझे चुलते-चुलती होतेच की. पण आबा गुरुजींच्या मागं लागले, लागले, शेवटी गुरुजी म्हणाले — बायकोच्या जागी कमरेला सुपारी लावा आणि बसा. त्या दिवशी आबांनी घोड्याला गूळ चारला. मला म्हणाले, ‘बाई, तुझा हात मीच देणार बघ.’

हे लक्षात ठेवा. मला तर विसरताच आलं नाही.

शालू घ्यायला आम्ही तिघं गेलो — आबा, मी आणि चुलती. गुलमंडीला एक हाजीसाहेब होते, म्हातारे, मेंदीनं दाढी रंगवलेले, मोठं नाव होतं त्यांच्या दुकानाचं. घोडा गर्दीला बुजायचा म्हणून आबा आत आलेच नाहीत. पायरीवर बसले, लगाम हातात, चाबूक मांडीवर. अंगात रोजचा खाकी कोट, कोपरावर ठिगळ. मला म्हणाले, तू कर भाव, मला जमत नाय.

शालू मला बघताक्षणी आवडला. डाळिंबी रंग, जरीचे काठ, पदर असा भरलेला की हात ठेवायला जागा नाही. मी तोंड वाकडं केलं — आवडलं की तोंड वाकडं करायचं, हा पहिला धडा. हाजीसाहेबांनी भाव सांगितला, मी निम्म्यावर आले. ते हसले. मी काठ खरडून दाखवला, रंग जाईल म्हटलं, करमाडच्या बाजारात यापेक्षा बरा मिळतो म्हटलं. करमाडला कसला मिळतोय शालू! ते उतरले थोडे. पुन्हा थोडे. चुलती कंटाळली, बांगड्या बघून येते म्हणून कासाराकडं निघून गेली. मग हाजीसाहेब थांबले ते थांबलेच. ‘इसके नीचे नक्को बोलो बेटी. मैं बी बालबच्चेवाला हूं.’

आता नीट ऐका, कारण इथंच मी पुढं सगळं आयुष्य स्वतःला फसवत आले. आबांच्या कनवटीला होते त्यापेक्षा थोडेच जास्त लागत होते. मनाशी मी म्हणत आले, की पुढं जे बोलले ते आबांच्या चार पैशांसाठी बोलले. खोटं आहे! मी पायरीकडं बघितलं होतं. आबांनी आतलं सगळं ऐकलं होतं आणि मान हलवून मला खुणावलं होतं — घे, बघू काय ते. घे म्हणाले होते हो. गोष्ट तिथं संपली होती. उठायचं, शालू घ्यायचा, घरी जायचं.

पण मला जिंकायचं होतं. आणि... नाही, तेवढंच नव्हतं.

माझ्या शेजारी गादीवर दोन बायका बसल्या होत्या. चांगल्या घरच्या, कानात मोत्याच्या कुड्या. माझी घासाघीस ऐकून गालात हसत होत्या. चुलती गेल्यावर मी एकटी राहिले, तेव्हा हाजीसाहेबांनी सहज विचारलं, ‘बाप कां हैं बेटी तुम्हारे? शादी का जोडा लेने बाप नै आए?’ पायरीवर बसलेला माणूस त्यांना भाड्याचा तांगेवाला वाटला. वाटणारच, चाबूक घेऊन बसलेला. त्या दोघीही माझ्याकडं बघायला लागल्या. मी पायरीकडं बघितलं. ठिगळ बघितलं. कोटाला घोड्याचा वास यायचा, तो मला तिथं बसून आल्यासारखा वाटला. बोट दाखवून ‘ते काय, बसलेत’ एवढं म्हणायचं होतं. केवढं सोपं!

मी म्हणाले, ‘नाहीत.’

‘नै मतलब?’

‘वारले.’

लाज वाटली म्हणून म्हणाले. बापाची लाज. बास, हेच ते. इतकी वर्षं हे तोंडातून निघत नव्हतं.

हाजीसाहेबांचा चेहराच पालटला. शालू त्यांनी दोन्ही हातांनी उचलून माझ्या मांडीवर ठेवला. यतीम, म्हणजे बिनबापाच्या पोरीच्या मालावर नफा खाणं म्हणजे पोटात आग भरणं, असं त्यांचा धर्म सांगतो म्हणाले. खरेदीच्या भावात दिला. मी मागत होते त्याच्याही खाली. म्हणजे मी जिंकले, बघा. लग्न कधी, कुठं, ते विचारून घेतलं, येतो म्हणाले. मी सांगितलं. मोठी माणसं येतो म्हणतात, येतात थोडीच?

मग ते स्वतः पायरीपर्यंत आले. आबा उठून उभे राहिले होते. हाजीसाहेबांनी त्यांच्या हातावर बक्षिसी ठेवली. म्हणाले, ‘तांगेवाले, संभालके ले जाओ. यतीम बच्ची है, इसका कोई नै.’

आबांनी सलाम केला. ‘जी हुजूर,’ म्हणाले. गठुडं माझ्या हातून घेऊन तांग्यात ठेवलं.

घरी येताना चुलती सारखी विचारत होती, एवढा स्वस्त दिला कसा गं? मी गठुड्याची गाठ सोडत-बांधत राहिले. आबा पुढं बसलेले, आमच्याकडं पाठ. तेच म्हणाले, ‘पोरीनं भाव लई चांगला केला.’ एवढंच. त्यांचं तोंड कसं झालं होतं ते मला दिसलं नाही. घरी आल्यावरही नाही, कारण मी बघितलंच नाही.

ते रागावतील म्हणून मी वाट बघत राहिले. एक मुस्काटात मारली असती तर मी पायावर पडले असते. पण कसलं काय! मांडव घातला, केळीचे खांब बांधले, पाहुण्यांना स्टेशनवरून आणलं. मी शालू नेसून बघितला तेव्हा लांबून बघून म्हणाले, शोभतोय. मला वाटलं, गेलं ते. विसरले.

लग्नाच्या दिवशी मी गौरीहरापुढं बसले होते. खिडकीतून मांडव दिसत होता. आबांनी नवं धोतर नेसलेलं, नवा फेटा, कमरेला सुपारी. दर दोन मिनिटांनी चाचपून बघत होते पडली की काय. आणि दारात हाजीसाहेब आले! शेरवानी घालून, हातात हिमरूची शाल. बिनबापाच्या पोरीच्या डोक्यावर हात ठेवायला आलेले.

आबांनीही त्यांना बघितलं. मग मागल्या दारानं घरात आले, माझ्या समोरूनच. माझ्याकडं बघितलं नाही. फेटा काढून खुंटीला लावला, खाकी कोट चढवला. चुलत्यांना म्हणाले, ‘तुम्ही दोघं बसा कन्यादानाला. माझी कंबर धरलीय, मला बसवत नाय.’ गुरुजी म्हणाले, तेच बरं, तीच रीत. कुणालाही काही वावगं वाटलं नाही. कसं वाटावं? विधुर माणूस, मागं सरला. कमरेची सुपारी सोडून त्यांनी कोनाड्यात ठेवली आणि बाहेर घोड्याजवळ जाऊन उभे राहिले.

‘माझी लेक चारचौघांत खोटी पडू नये’ — आबांच्या मनात दुसरं काय असणार?

मला वेळ होता. हे मी पुन्हा पुन्हा सांगते, मला वेळ होता. गौरीहरापासून बोहल्यापर्यंत मी चालत गेले. हाजीसाहेब चार हातांवर होते. उभं राहून म्हणायचं होतं, ‘ते माझे वडील आहेत. मी खोटं बोलले.’ लोक काय म्हणाले असते? सासरच्यांनी नाक मुरडलं असतं, हाजीसाहेबांनी शाल परत नेली असती. लग्न का मोडणार होतं? आणि मोडलं असतं तर मोडलं असतं! पण मी खाली मान घालून बोहल्यावर चढले. बाजारात कुणाला हार न जाणारी मी! चुलत्यांनी माझा हात दिला. हाजीसाहेबांनी डोक्यावर हात ठेवला, त्यांचे डोळे भरून आले होते. आणि मांडवाच्या बाहेर आबा दोन्ही हातांनी घोड्याचं तोंड धरून उभे होते, सनई-ताशानं तो बुजू नये म्हणून. अक्षता पडल्या तेव्हा त्यांच्या हातात अक्षतासुद्धा नव्हत्या.

बिडकीनला मला त्यांनीच तांग्यातून पोचवलं.

पुढं राज्य बदललं, हाजीसाहेब गेले. त्यांच्याकडंही मी कधी गेले नाही. गुलमंडीत ते दुकान आलं की पलीकडच्या बाजूनं चालायची. चांगलं माणूस, माझ्या खोट्यासाठी नफा सोडून बसलं. तेही माझ्याच माथ्यावर.

आबा पुष्कळ जगले. त्या दिवसाचं एक अक्षर बोलले नाहीत, आणि मीही नाही. मला भेटायला यायचे तर दारातच उभे राहायचे. आतून कुणी विचारलं, कोण आलंय, तर उत्तर देत नसत. मी येऊन ‘आबा आलेत माझे’ म्हणाले की मग चपला काढायचे. सासूबाई म्हणायच्या, भारी भिडस्त बाई तुझे वडील. मी दर वेळी मोठ्यानं म्हणायची, शेजारपाजाऱ्यांना ऐकू जाईल असं. तरी पुढच्या खेपेला ते पुन्हा तसेच दारात.

शेवटी त्यांना दवाखान्यात ठेवलं होतं. शुद्ध होती, बोलत होते. मी उशाशी बसून डोक्यावरून हात फिरवत होते. नवीन नर्स आली, तिनं औषध दिलं आणि आपलं बोलायचं म्हणून विचारलं, ‘बाबा, ही कोण तुमची?’

आबांनी माझ्याकडं बघितलं. हळूच विचारलं,

‘काय सांगू, बाई?’