लाल ठिपका, हिरवा ठिपका

आमच्या तारिहाळच्या पंपांच्या कारखान्यात गिऱ्हाइकांची नोंद ठेवणारं सीआरएम सॉफ्टवेअर आलं. तेव्हापासूनचे किस्से इतके साठलेत, की दुपारच्या डब्याला लोणचं लागत नाही.

मी तिथं सेल्स ऑफिसात बसते. मॅनेजरसाहेबांनी आधीच समजावलं होतं, की गिऱ्हाईक दुरावायला लागलं की नावापुढं लाल ठिपका, खूश असेल तर हिरवा.

पहिल्याच सोमवारी निम्मा स्क्रीन लाल. तीन महिने ज्यांचा फोन नाही, ते सगळे लाल. साहेबांचा चेहरा उतरला. मी एकेकाला फोन लावत सुटले. देशपांडेनगरच्या एका डॉक्टरांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "पंप नीट चालतोय. फोन कशाला करू?"

मग हिरवं कोण ते बघितलं. रायापूरचे एक वकील. आठवड्यातून चार फोन, चारही तक्रारीचे. सॉफ्टवेअरच्या मते आमच्यावर त्यांच्याइतकं प्रेम कुणाचंच नव्हतं.

*

एका दुकानदाराचं नाव तीन स्पेलिंगनी तीनदा चढलं होतं. त्यातला एक खूश, एक नाराज, आणि तिसरा आम्हाला सोडून गेलेला. तिसऱ्याला परत आणायला साहेबांनी मला पाठवलं. दुकानदारांनी चहा मागवला, घरच्यांची चौकशी केली. शेवटी मी भीत भीत विचारलं, आम्हाला का सोडलंत? ते गोंधळून म्हणाले, "अक्का, कालच तर ऑर्डर दिली की."

मी चहा संपवला. दुसरं काय करणार?

*

बसवराज अण्णा आमचे सगळ्यांत जुने सेल्समन. ते कॉम्प्युटरला हात लावत नसत. ते कन्नडमध्ये सांगायचे आणि मी इंग्रजीत टाइप करायची. एकदा म्हणाले, गिऱ्हाईक "नोडोण" म्हणालं. म्हणजे "बघू." आता हा बघू म्हणजे घेणार, की टाळतोय?

"माझ्याकडं बघून म्हणाला तर हो," अण्णा म्हणाले. "रस्त्याकडं बघून म्हणाला तर नाही."

स्क्रीनवर रस्त्यासाठी रकाना नव्हता.

*

अळणावरचे एक मोठे डीलर कायम हिरवे. ऑर्डर वेळेवर, तक्रार शून्य. साहेब सगळ्यांना त्यांचं उदाहरण द्यायचे. एक दिवस अण्णा त्यांच्याकडून आले आणि म्हणाले, "हे आपल्याला सोडणार."

कशावरून, असं साहेबांनी विचारलं. अण्णा म्हणाले, पंधरा वर्षं हा माणूस पॅकिंगवरून भांडतोय, आज भांडला नाही.

साहेब हसले. मला हसू आलं नाही. दुसऱ्या दिवशी अण्णांबरोबर मीही गेले.

डीलर फार गोड बोलत होते. अण्णांनी चहाला हात लावला नाही. "काय चुकलं ते सांगा, त्याशिवाय उठत नाही," म्हणाले.

मग डीलरनी मोबाइल पुढं केला. त्यांच्या वडिलांना आमच्या कंपनीकडून वाढदिवसाच्या शुभेच्छा आल्या होत्या. जुनं खातं वडिलांच्या नावावर होतं, मेसेज आपोआप गेला होता.

"अप्पा जाऊन वर्ष झालं. अण्णा, तुम्ही तेराव्याला जेवून गेलात."

अण्णांनी नुसते हात जोडले. आम्ही निघालो तेव्हा डीलर दारापर्यंत आले आणि म्हणाले, मागच्या मालाचं पॅकिंग अगदी भिकार होतं. गाडीत बसल्यावर अण्णांनी डोळे पुसले. म्हणाले, आता हे आपल्याला नाही सोडणार.

सकाळी ऑफिसात ते पहिल्यांदाच माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसले. डीलरच्या वडिलांचं नाव यादीतून काढायला लावलं. खातं बंद करायचं तर कारण निवडावं लागतं. यादीत तीनच कारणं होती, ती मी वाचून दाखवली. नंबर बदलला. दुसऱ्या कंपनीकडे गेले. गाव सोडलं.

अण्णांनी तिन्ही पुन्हा वाचायला लावली. मग हळूच शेवटच्यावर बोट ठेवलं.