न पाहिलेल्या डॉक्टरला

डावा गाल पहिल्यांदा दुखला तेव्हा मी दात घासत होते. विजेचा झटका बसावा तशी कळ कानापासून ओठापर्यंत गेली आणि ब्रश बेसिनमध्ये पडला. दाताचंच असणार म्हणून डेंटिस्टकडे गेले. त्यानं एक दाढ काढली. दाढ गेली, कळ राहिली. मग जीपीनं, म्हणजे आमच्या नेहमीच्या डॉक्टरनं, सांगितलं की हे चेहऱ्याच्या नसेचं दुखणं आहे. तिनं गोळ्या दिल्या आणि मला न्यूरॉलॉजीच्या वेटिंग लिस्टवर टाकलं.

तेव्हा मी इंग्लंडात, केंब्रिजमध्ये सॉफ्टवेअर टेस्टिंग करत होते. दिवसभर मीटिंग्ज. बोलायला तोंड उघडलं की कळ, घास चावला की कळ, सायकलवरून जाताना गालाला वारा लागला तरी कळ. काही महिन्यांत नोकरी सोडली. घरातही बोलणं बंद झालं. नवरा किचनमध्ये, मी सोफ्यावर, आणि मी त्याला व्हॉट्सअ‍ॅप करायचे, ‘खिचडी अजून पातळ कर.’ तो उत्तरही व्हॉट्सअ‍ॅपवरच द्यायचा. खरं तर त्याला बोलता येत होतं. पण हळूहळू त्याचाही आवाज घरातून गेला.

पुण्याहून आई व्हिडिओ कॉल करायची. ती बोलायची, मी ऐकायचे. चेहरा अजिबात हलू न देता बसायची मी सवय करून घेतली होती. एकदा बोलता बोलता ती थांबली आणि बाबांना हाक मारून म्हणाली, “अहो, हिचं नेट गेलं वाटतं. चित्र अडकलंय.”

मी हात हलवून दाखवला. आई बघत राहिली. मग काहीतरी गॅसवर आहे असं सांगून तिनं फोन ठेवला.

न बोलता करता येईल असं काहीतरी हवं होतं. एका ग्रंथालयाला जुन्या पत्रांचे स्कॅन वाचून मजकूर टाइप करून देणारे लोक हवे होते, घरी बसून. माझ्या वाट्याला अठराव्या शतकातली एक बाई आली. उत्तरेकडच्या एका खेड्यात पाद्र्याची बायको, पोटाच्या दुखण्यानं वर्षानुवर्षं बेजार. तिचा डॉक्टर दूरच्या मोठ्या शहरात राहायचा. त्यानं तिला कधीच पाहिलं नव्हतं. त्या काळी ऐपत असलेल्या लोकांचे जुनाट आजार असेही बघितले जायचे, नुसत्या टपालानं. रोग्यानं सगळं लिहून कळवायचं, डॉक्टरनं लिहूनच औषध सांगायचं. हा डॉक्टर आपल्या उत्तरांच्या नकला ठेवायचा, म्हणून दोन्ही बाजू माझ्यासमोर होत्या.

बाई सगळं लिहायची. काय खाल्लं, किती झोप लागली, शौचाला कशी झाली, कळ कुठून निघून कुठे गेली. प्रत्येक पत्रात त्रास दिल्याबद्दल माफी मागायची. डॉक्टर लिहायचा, चहा सोडा, रोज घोड्यावर बसा, झाडाच्या सालीची पूड घ्या, पोटावर फोड आणणारा लेप लावा. ती सगळं करायची. पण पत्र जाऊन उत्तर येईपर्यंत दुखणं पुढे गेलेलं असायचं. तो उत्तर द्यायचा ते महिन्यापूर्वीच्या बाईला.

हे मला समजायला इतिहासाची गरज नव्हती. माझीही न्यूरॉलॉजीची पहिली भेट फोनवरच झाली होती. त्यात मी जेमतेम हो-नाही म्हटलं. त्यानंतर हॉस्पिटलच्या अ‍ॅपवर मेसेज. मीही माफी मागूनच सुरुवात करायचे.

एका शनिवारी दुपारी अ‍ॅपवर उत्तर आलं, ‘डोस वाढवा.’ हे उत्तर जुन्या मेसेजला होतं. त्यानंतर मी दुसरा मेसेज पाठवला होता, अंगावर लाल पुरळ आलंय म्हणून. तो अजून कोणी वाचलेला दिसत नव्हता. मी गोळ्यांचं पाकीट उघडलं. नवऱ्यानं ते माझ्या हातातून काढून घेतलं.

“अगं, पुरळ पसरतंय. आधी विचारू या.”

मी हात पुढे केला. त्यानं पाकीट पाठीमागे धरलं. मी कित्येक आठवड्यांत पहिल्यांदा त्याच्यावर ओरडले, “दे!” आणि त्या एका शब्दानं जी कळ आली तिनं मी जमिनीवर बसले. तोही माझ्याजवळ खाली बसला. पाकीट मात्र सोडलं नाही.

त्यानंच मला इमर्जन्सीला नेलं. तिथल्या डॉक्टरनं पुरळ बघून गोळ्या तिथल्या तिथे बंद केल्या. ही रिअ‍ॅक्शन जिवावर बेतू शकते, म्हणाली. नवऱ्याचं म्हणणं बरोबर होतं. पण गोळ्या बंद झाल्यावर जे सुरू झालं ते मला नीट सांगता येत नाही. नवीन गोळ्यांनी नुसती गुंगी यायची. पाणी स्ट्रॉनं प्यायचे आणि तेही प्रत्येक घोटाला रडत. लाळ पुसायला रुमाल लावायची सोय नव्हती. एकदा नवऱ्याला लिहिलं, ‘हे असंच राहणार असेल तर मला राहायचं नाही.’ तो ऑफिसमधून तसाच निघून आला. दुसऱ्या दिवसापासून घरूनच काम करायला लागला. मला एकटं सोडेना.

त्या दिवसांत मी टाइप करायचं सोडून बाईची नुसती पुढची पत्रं वाचत गेले. एका पत्रात तिनं डॉक्टरला विचारलं होतं, मी तुमच्याकडे येऊ का, एकदा मला प्रत्यक्ष पाहाल का? त्यानं फार मायेनं कळवलं होतं की हा प्रवास तुम्हाला झेपणार नाही, येऊ नका. त्यापुढचं पत्र वेगळ्या अक्षरात होतं. तिच्या नवऱ्याचं. तिला शेवटपर्यंत साथ दिल्याबद्दल त्यानं डॉक्टरचे आभार मानले होते.

मी लॅपटॉप फिरवून माझ्या नवऱ्याला ते दाखवलं. त्यानं वाचलं.

“तुला काय करायचंय?” त्यानं विचारलं.

मी लिहिलं, ‘जाऊ या. अपॉइंटमेंटशिवाय.’

तोंडाला स्कार्फसुद्धा गुंडाळता येत नव्हता. टॅक्सीच्या काचा बंद करून गेलो. न्यूरॉलॉजीच्या रिसेप्शनिस्टनं सांगितलं, असं येऊन चालत नाही, जीपीकडून पत्र आणा. नवरा म्हणाला, “पत्रं खूप झाली. तुम्ही फक्त हिच्याकडे बघा.” तो कधी कुणाशी असं बोलत नाही. रिसेप्शनिस्टनं माझ्याकडे बघितलं, मग उठून आत गेली. थोड्या वेळानं एक नर्स आली. तिनं मला बाजूच्या खोलीत नेलं आणि ‘चालेल का’ विचारून एक बोट गालाजवळ आणलं. बोट टेकायच्या आत माझं सगळं अंग मागे गेलं. तिनं हात काढून घेतला.

“हे कुणी पाहिलंच नाहीये का अजून?” ती म्हणाली.

त्याच आठवड्यात कन्सल्टंटनं समोर बसवून तपासलं. स्कॅनमध्ये एक रक्तवाहिनी नसेवर टेकलेली दिसली. वसंतात ऑपरेशन झालं. कानामागून कवटी उघडून त्यांनी ती वाहिनी बाजूला केली.

कळ थांबली. गालाचा काही भाग मात्र बधिर राहिला. जेवताना गाल चावला जातो आणि रक्ताची चव आल्यावर कळतं. दुखणं परत येऊ शकतं, हे सर्जननं आधीच सांगून ठेवलंय. दात घासताना मी अजूनही एका हातानं बेसिन घट्ट धरते.

हॉस्पिटलमधून घरी आल्यावर आम्ही पहिल्यांदा समोरासमोर जेवायला बसलो. बोलायला आता काही हरकत नव्हती. तरी दोघांनीही सवयीनं फोन ताटाशेजारी ठेवले होते. शेवटी नवऱ्यानं विचारलं, “मीठ कमी झालंय का?”

“झालंय,” मी म्हणाले. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. तो मीठ आणायला उठला आणि बराच वेळ किचनमधून परत आला नाही.